दीड पुरुष उंच

“फोटू झन खैंचिये, चेली.” हातातला विळा न थांबवता आमानं तिच्या कुमाऊंनीत सांगितलं, फोटो काढू नकोस, पोरी. आवाज चढलेला नव्हता, पण पुन्हा विचारायची सोयही नव्हती. मी फोन खाली केला. याच आमानं आपल्या गाईचे, अंगणात वाळत घातलेल्या मडुव्याचे म्हणजे नाचणीचे, लग्नातल्या भल्यामोठ्या नथीचे, अगदी स्वतःच्या चिरा पडलेल्या टाचांचेसुद्धा फोटो मला हौसेनं काढू दिले होते. गोठ्यामागच्या त्या तुकड्याचा मात्र नाही. तो तुकडा भांगेचा होता. भाद्रपद संपत आला होता, रात्रभर पडून पाऊस नुकताच उघडला होता, आणि आमा त्या पिकात शिरली की दिसेनाशीच होत होती. मधूनच एखादा पिवळट शेंडा थरथरायचा, मग आडवा व्हायचा, त्यावरून ती कुठवर पोचली ते कळायचं. काठगोदामच्या रेल्वे स्टेशनला उतरेपर्यंत आणि पुढे गाडीतही ते वाक्य मला सोडेना. ऐंशी ओलांडलेली बाई, जन्मभर हेच पीक घेतलेली, आणि तिनं आपलंच शेत असं पदराआड धरावं?

ताईचं सासर उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये, अल्मोड्याहून कौसानीकडे जाताना सोमेश्वरच्या खोऱ्यावर आहे. खाली कोसीच्या काठाला भाताची खाचरं, वर चढणीला पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्याही वर चीड-बांजाचं रान. भावोजी फौजेतून निवृत्त होऊन गावी परतले, ताईनं तिथं बस्तान बसवलं, आणि माझं जाणंयेणं वेगवेगळ्या ऋतूंत होत राहिलं. आमा ही भावोजींची आजी. त्यामुळे गोठ्यामागचा तो तुकडा मी जवळपास सगळ्या रूपांत पाहिलेला आहे. वैशाखात तिथं काहीच नसतं, नुसतं शेणखत पसरून काळी पडलेली माती. आषाढात पीक गुडघ्याला लागतं, श्रावणात छातीला. आणि आपण इकडे गौरी बसवत असतो तेव्हा तिथं दीड पुरुष उंचीचं रान उभं असतं, गोठ्याच्या पाथरी छपराच्याही वर गेलेलं.

आत शिरायला मला आमाची परवानगी होती. बाहेर लख्ख ऊन, आत हिरवा अंधार. भांग इतकी दाट पेरलेली असते की दोन ताटांच्या मधून हात घालायचा तरी आडवा घालावा लागतो. खालची पानं उजेड न मिळाल्यानं कधीच गळून गेलेली, त्यामुळे कमरेपर्यंत नुसते उघडे, सरळ, अंगठ्याएवढ्या जाडीचे दांडे. त्यांना हात लावला की उभ्या पन्हाळी लागतात, वर बारीक खरखरीत लव. जिथं पान गळलं तिथं छोटी खूण. आणि राळेचा तो उग्र वास, जो तळव्याला लागला की राखेनं घासूनही संध्याकाळपर्यंत जात नाही. वारा सुटला की आपल्या उंचीवर काहीच हलत नाही, आवाज सगळा डोक्यावर. एकेकटं ताट बोटानं ढकललं तरी लवेल इतकं सडपातळ, पण सगळी मिळून एकमेकांना धरून उभी. पडझड व्हायची ती कडेच्या ओळींत.

ही दाटीच तिथं सगळं सांगून जाते. दाट पेरलं की रोपाला फांद्या फुटायला जागा उरत नाही, ते उजेडासाठी सरळ वर धावतं आणि लांब, बिनगाठीचा धागा देतं. विरळ लावलं की तेच झाड बुंध्यापासून पसरतं, झुडुपासारखं होतं आणि फुलोरा धरतं. ज्याला गांजा हवा तो झाडांत अंतर ठेवतो. ज्याला दोर हवा तो मुठीनं बी फेकतो. पेरणाऱ्याच्या मनात काय होतं हे समोरच्या टेकडीवरूनसुद्धा वाचता येतं, एवढं ते उघड आहे. आपल्याकडे दर वर्षी पेपरात बातमी येते, उसात किंवा तुरीत गांजाची लागवड, इतक्या किलोंची झाडं जप्त. सोबत फोटो असतो: उपटलेल्या झाडांचा भारा, मागं पंच आणि पोलीस ओळीनं उभे. ती झाडं नीट पाहिली तर फांद्याच फांद्या असतात. पण बातमी वाचणारा फांद्या मोजत नाही, आणि मीही आमाच्या शेतात शिरेपर्यंत कधी तशा नजरेनं पाहिलं नव्हतं. मराठवाड्यातल्या माणसाला भांग ठाऊक असते ती शिवरात्रीच्या थंडाईपुरती, नाहीतर पोलिसांच्या बातमीपुरती.

तरी ते उंच दांडे मला परके वाटले नाहीत, कारण आमच्याकडे अंबाडी होती.

जालन्याकडच्या आमच्या शेतात आजोबा कपाशीच्या कडेनं आणि तुरीच्या पाट्यात अंबाडी टाकायचे. मृगात पेरायची, कोवळी असताना आजी पाला खुडून भाजी करायची, कण्या घातलेली, वर लसणाची फोडणी, बरोबर ज्वारीची भाकरी. मग तिला कुणी हात लावायचं नाही. नवरात्राच्या आसपास ती माणसाच्या वर जायची, मध्ये गडद डोळा असलेली फिकी पिवळी फुलं यायची, दांड्याचे बारीक काटे पोटऱ्यांना ओरखडायचे. कापली की पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली बुडवायच्या. त्या कुजवणीचा वास अर्ध्या गावाला यायचा आणि कुणी तक्रार करायचं नाही, कारण त्यातूनच वाख निघायचा आणि वाखातून कासरे, दावी, चऱ्हाटं. दोर वळणारे मातंग कारागीर पोळ्याच्या आधी आमच्या ओसरीवर बसत. एकानं वाख धरायचा, दुसऱ्यानं पीळ द्यायचा, मी मधल्या सोलावरून हात फिरवत कुसळं काढायची. पोळ्याला बैलांच्या गळ्यात तो कोरा, पिवळसर, किंचित आंबूस वासाचा दोर असायचा. उरलेल्या सणकाड्या चुलीपाशी. नंतर नायलॉन आलं, मग ट्रॅक्टर आला, आणि पेरायचं कारणच उरलं नाही. अंबाडीला कुणी बंदी घातली नव्हती, ती मुकाट्यानं गेली. भांगेचं तसं नाही. ती जाते आहे ती भीतीपोटी, आणि मला ते जास्त लागतं.

आमाच्या डोक्यात त्या पिकाचं जे पंचांग आहे ते कागदावर कुठेच नाही. जेठात, उन्हाळी गडगडाटाचे एकदोन पाऊस पडून माती भिजली की पेरायचं. फार लवकर पेरलं तर गारा गाठतात. कुमाऊंमध्ये मान्सूनच्या आधीचे ते दिवस भलतेच लहरी असतात. दुपारी आभाळ काळंनिळं होतं आणि पाच मिनिटांत अंगण पांढरं. वीतभर रोपाचा शेंडा गारेनं मोडला तर रोप मरत नाही, पण तिथून दोन फांद्या फुटतात आणि धाग्याला कायमची गाठ बसते. अशी जोडशेंड्याची रोपं आमा पुढे महिनाभरानंही ओळखते. दोरासाठी नाही म्हणते, बियांसाठी ठेवते. फार उशिरा पेरलं तर निराळी अडचण, आणि ती समजायला मला वेळ लागला, कारण ती पावसाची नसून सूर्याची आहे.

भांग ही दिवस मोजणारी वनस्पती आहे. दिवस मोठा असेपर्यंत ती फक्त उंच होते. तो आखडू लागला, रात्र लांबली, की वाढ सोडून फुलाच्या मागे लागते. अल्मोड्याला जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १४ तासांचा असतो. जालन्यात तोच सव्वातेरा तासांच्या आसपास. पाऊण तासाचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तिकडच्या भांगेला उंचीची जी मुभा मिळते ती यातून, आणि उंची म्हणजे धाग्याची लांबी. उशिरा पेरलेल्या रोपाला दिवस आखडायच्या आत जेमतेम कमरेइतकं होता येतं आणि ते तिथंच फुलावर येतं. आमाला तास-मिनिटं माहीत नाहीत. ती म्हणते, सौण सरायच्या आत माझ्या खांद्याला लागलं पाहिजे, नाहीतर ते नुसतं चटणीचं पीक. सौण म्हणजे त्यांचा श्रावण. तो संक्रांतीपासून संक्रांतीपर्यंत चालतो, त्यामुळे आपल्या श्रावणाशी तारखा जुळतीलच असं नाही. पण सूर्यावर चालणारं पंचांग आणि सूर्यावर चालणारं झाड यांचा मेळ बरोबर बसतो, हे मला फार आवडलं.

मग पावसाळा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस चढणीवर पोचला की पीक डोळ्यांदेखत वाढतं, सकाळी काठीशी मापून ठेवलेला शेंडा दुसऱ्या सकाळी बोटभर पुढे. पाणी तुंबणं मात्र त्याला अजिबात सोसत नाही. मुळाशी दोन दिवस पाणी राहिलं तर पानं पिवळी पडतात, म्हणूनच ते उताराच्या तुकड्यात, दगडी बांधाच्या आत. आमा भर पावसात डोक्यावर घोंगडं घेऊन बांधाची मोरी मोकळी करायला जाते. त्या दिवसांत डोंगरात रस्ते खचतात, वीज जाते, शाळा बंद पडतात, आणि ती घरी आली की आधी भांगेची खबर सांगते, मग रस्त्याची.

भाद्रपदात शेताचे दोन भाग पडतात, आणि हा भाग बघताना मी दरवेळी थबकते. भांगेत नर झाडं वेगळी, मादी वेगळी. जन्मल्यापासून सारखीच दिसणारी ही झाडं फुलावर आली की वेगळी होतात. नराला लोंबते हिरवट-पिवळे घोस येतात, दुपारच्या वाऱ्यात त्यातून पराग धुरळ्यासारखा उडतो, आणि काम झालं की ते झाड आठवड्याभरात पिवळं पडू लागतं. आमा नेमकं त्या वेळी शेतात शिरून एकेक नर वेचून कापते. त्या दिवशी ती हेच करत होती. नराचा धागा तलम, मऊ, तो सुतळीला आणि विणायला. तो निघाला की शेतात झरोके पडतात, उजेड खाली उतरतो, आणि त्या उजेडात मादी दीड-दोन महिने बी पोसत उभी राहते. तिचा धागा राठ, तो जाड दोरांना. एकाच तुकड्यातून दोन सुग्या, आणि मधे एक झाडही चुकून कापलं जात नाही. डोळे अधू झालेत तिचे, सुईत दोरा ताईच ओवून देते. तरी नर-मादी ती हातानं ओळखते.

कापलेल्या पेंढ्या काही दिवस उन्हाला, मग ओढ्याच्या कोंडीत दगडांखाली. पाणी कोमट असेल तर लवकर मुरतं, थंडी लवकर आली तर तीन आठवडेही जातात. कमी मुरलं तर साल सुटत नाही, जास्त मुरलं तर धागाच विरतो. आमा रोज एक दांडा काढून बुडाशी मोडून बघते. साल अखंड, एका ओढीत, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत सुटून आली की म्हणते, झालं. ती ओढ मी पाहिलेली आहे: कट् असा आवाज, मग फर्र, आणि हातात दीड पुरुष लांबीची ओली, राखी, चकाकती पट्टी. पांढरा दांडा उघडा पडून पायाशी. हे मी आजोबांच्या ओढ्यावर शेकडो वेळा पाहिलेलं होतं, फक्त वनस्पती निराळी. आमाला मी अंबाडीबद्दल सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो धाग्याच्या लांबीचा.

या धाग्यावर एकेकाळी अख्खं खोरं चालत होतं. भांगेच्या धाग्याची पोती म्हणजे कुथले. धान्य त्यातूनच वाहिलं जायचं आणि ते विणणाऱ्यांना ‘कुथलिया बोरा’ असं नावच पडलं होतं. गढवालात याच धाग्याचं जाड कापड, भंगेला, लोक अंगावर घालायचे. ताईच्या घरी माळ्यावर एक जुना कुथला आहे. मी त्याचं तोंड ताणून बघितलं, दोन्ही हातांनी जोर लावला, एक धागा हलला नाही. वय विचारलं तर आमा म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हा तो जुनाच होता.

आणि बी! कुमाऊंतल्या माणसाला भांग म्हटलं की आधी चटणी आठवते, नशा नव्हे. बियांत नशा नसतेच. लोखंडी तव्यावर बी भाजायचं, तडतडू लागलं की उतरवायचं, मग सिलबट्ट्यावर हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि डोंगरी लिंबाच्या रसात वाटायचं. आलूच्या गुटक्यांबरोबर, म्हणजे परतलेल्या बटाट्याच्या फोडींबरोबर, ती वाढली की ताटात दुसरं काही नसलं तरी चालतं. अळूच्या कंदांच्या जातीतल्या गडेरीच्या रश्श्याला बियांचं वाटण गाळून घालतात, त्याचा दाटपणा दुधाला येत नाही. पण माझा जीव अडकला आहे तो थंडीतल्या लिंबात. पौषाच्या उन्हात अंगणात चटया पडतात, नारळाएवढं डोंगरी लिंबू सोलून फोडी सुट्या करतात, त्यात मुळ्याचे तुकडे, दही, गूळ आणि भाजलेल्या भांगबियांचं करडं वाटण, सगळं हातानं कालवायचं. आंबट, गोड, तिखट आणि मागून येणारी ती भाजकी, खमंग चव. शेजारणी येतात, गप्पा होतात, ऊन सरकेल तशी चटई सरकते. त्यातली एकही बाई भांग खाल्ली असं म्हणणार नाही, लिंबू खाल्लं म्हणेल.

घरी परतल्यावर त्याच हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन वेरूळला गेले होते. बाराव्या लेण्यात, तीन ताळात, आम्ही लहानपणी किती वेळा लपाछपी खेळलो असू. या वेळी मी भिंतीजवळ जाऊन गिलाव्याकडे बघत उभी राहिले. २०१६ साली पुरातत्त्व सर्वेक्षणातले एक निवृत्त रसायनतज्ज्ञ आणि आमच्याच विद्यापीठातले एक वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं होतं की वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले आहेत. ताडून बघायला त्यांनी ताजी झाडं आणली त्यातली काही जालना भागातली. त्यांचं म्हणणं असं की या तंतूंनी ओल शोषली, गिलावा धरून ठेवला आणि किड्यांना दूर ठेवलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलं. श्रावणात वेरूळचा डोंगर कसा पाझरतो ते आम्हाला माहीत आहे. त्या दमटपणात बाराशे-तेराशे पावसाळे काढायचे म्हणजे चेष्टा नाही. कुणीतरी, याच आमच्या भागात, ते झाड ओळखून, योग्य वेळी कापून, कुटून मातीत कालवलं होतं. तेव्हा त्याला फोटोची भीती नव्हती एवढं नक्की.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर मुद्दाम वाचून काढलं. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा बियांना आणि शेंड्यांपासून वेगळ्या केलेल्या पानांना गांजा मानत नाही. त्याच्या १४व्या कलमात धाग्यासाठी, बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं असं स्पष्ट आहे. २०१८ साली उत्तराखंडनं तशी परवानगी द्यायला सुरुवात केली, असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. २०२१च्या नोव्हेंबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेच्या बियांना आणि तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली. आज पुण्याच्या दुकानात सोललेलं ‘हेम्प सीड’ चकचकीत पाकिटात मिळतं, आमाच्या वर्षभराच्या मिठामिरचीच्या खर्चाला ते एक पाकीट भारी पडेल. मग तिनं का लपायचं? कारण परवान्याची अट आहे की झाडात टीएचसी हे नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत हवं, आणि डोंगरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं गावठी बी बहुधा त्यात बसत नाही. ते बी त्या गारांना, त्या उताराला, त्या १४ तासांच्या दिवसाला सरावलेलं. आकडा मात्र कुठल्यातरी दुसऱ्याच शेतावर ठरलेला. परवान्यासाठी अर्ज करायचा, बी प्रयोगशाळेत तपासायचं, आणि पिकाची जागा गोठ्यामागची दोन गुंठे. कुणी करेल का?

दुसरी बाजूही मी पाहिलेली आहे आणि ती झाकायची नाही. भाद्रपद-आश्विनात संध्याकाळी रस्त्यावरून पोरं येतात, बांधावरून शेंड्यांना हात चोळून काळी राळ काढतात, तिचाच चरस. आमा काठी घेऊन धावते, तोंडानं शिव्या, पण पाय साथ देत नाहीत. खालच्या गावात एक चांगला शिकलेला मुलगा या नादानं पार वाया गेला, त्याची आई ताईकडे येऊन रडली ते मी ऐकलेलं आहे. ताईचा मुलगा आता मोठा होतोय, तिलाही धास्ती आहे. एका साली जवळच्या गावात पथक आलं, शेत तोडलं, आणि तोडलेल्या पिकापुढे उभ्या म्हातारीचा फोटो छापून आला. गुन्हेगार म्हणून. त्या दिवसापासून आमाला शेताजवळ फोन नको झाला. पोरांच्या नासाडीचा राग मलाही येतो. पण दाट पेरलेलं, फांदी नसलेलं, ओढ्यात मुरवायला निघालेलं शेत आणि चरसाचं शेत यांतला फरक बघायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती पाच मिनिटं कुणी देत नाही याचा राग जास्त येतो.

गंमत अशी की माणसं सोडून गेली तिथं भांग आपोआप माजते. त्या डोंगरात २०११ नंतर ७३४ गावं निर्मनुष्य झाली असं उत्तराखंडच्या पलायन म्हणजे स्थलांतर आयोगाच्या २०१८च्या अहवालात आहे. वाटेनं जाताना अशी कुलूपबंद घरं दिसतात. अंगणात अंगाला लागली की आग करणारी शिसूण, उंबऱ्यात भांग, विरळ, पसरलेली, फांद्याळ. तिला कुणी पेरत नाही, कुणी कापत नाही. रानडुकरं आणि माकडं गहू-बटाटा काहीच सोडत नाहीत, भांगेला तोंड लावत नाहीत. पिकवायचं म्हटलं तर याहून सोयीचं पीक त्या उतारावर आज दुसरं नाही.

२०२१च्या ऑक्टोबरात जे झालं ते ताईनं फोनवर सांगितलं. पाऊस सरला असं धरून सगळे बसले होते, नर कापून, मुरवून, धागा वळचणीला वाळत होता. १७ तारखेपासून तीन दिवस आभाळ फाटलं. मुक्तेश्वरच्या वेधशाळेत २४ तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. शंभरावर वर्षांच्या नोंदीत तिथं एवढा कधी पडला नव्हता. कुमाऊंभर माणसं गेली, घरं गेली, त्यापुढे दोन गुंठे भांगेचं काय. तरी आमा चौथ्या दिवशी शेतात गेली. बियांनी जड झालेल्या माद्या एकमेकींच्या अंगावर आडव्या पडल्या होत्या, शेंड्यांतल्या घोसांना करडी बुरशी धरायला लागली होती. तिनं आणि ताईनं मिळून शेंडेच तेवढे खुडून आणले, चुलीवरच्या माळ्यावर धुरात पसरले. बी वाचलं निम्मं. धागा काळा पडला. आमा म्हणाली म्हणे, पूर्वी असोज, म्हणजे आश्विन, आपला शब्द पाळायचा. त्या हिवाळ्यात लिंबं होती पण वाटण बेताचं होतं, आणि बियाण्याचं गाडगं तिनं घरातल्या कुणालाही उघडू दिलं नाही.

यंदाच्या जेठात मी फोन केला तेव्हा पेरणीचं चाललं होतं. निम्म्याच तुकड्यात टाकते आहे, बाकीच्यात भट, म्हणजे काळं सोयाबीन, लावणार, असं ताई म्हणाली. मला वाईट वाटलं, पण आमानं फोन हातात घेऊन विषयच बदलला. तुमच्याकडची ती आंबट पाल्याची, दोराची, तिचं नाव काय म्हणालीस? तिच्यावर पोलीस येतात का? नाही म्हटलं. मग मूठभर बी पाठव. मी तिला सांगितलं की अंबाडीला उबदार हवा लागते, तीही दिवस आखडल्यावरच फुलते, आणि सोमेश्वरला कार्तिकात पहाटे दंव गोठू लागतं. पाला आणि धागा मिळेल, पण बी पिकायच्या आत थंडी तिला मारेल असं मला वाटतं. आमानं जराही वेळ न घालवता विचारलं, फूल कधी येतं, धागा केव्हा काढायचा. फुलावर आली की, मी म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाली, गोठ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन जास्त वेळ टिकतं, दगड रात्रीपर्यंत तापलेला असतो, तिथं ओळ लावू, बी तू दर साली पाठवत जा. जालन्याच्या चुलत भावाला मी निरोप दिला आहे. त्याच्याकडे अंबाडी नाही, पण भोकरदनकडे एका म्हातारबाबांनी तुरीच्या पाट्यात अजून ठेवली आहे असं त्याला कळलंय, रविवारी जाऊन बघतो म्हणाला.